कावळ्याला कबूल केलेली मोटार

गुरुवारी सकाळी माझे वडील गेले. दवाखान्यातल्या खुर्चीवर बसून ते बुटांच्या नाड्या बांधत होते. उजव्या बुटाची बांधून झाली होती. टांगा दारात उभा होता.

आमचे घर खालापूरला होते आणि घराची पुढची खोली म्हणजे वडिलांचा दवाखाना. दर गुरुवारी ते टांग्यातून कुंभिवलीच्या पुढे जात, डोंगराच्या पायथ्याच्या वाड्यांवर तापाची, खोकल्याची, जखमांची औषधे देत आणि संध्याकाळी परत येत. टांगेवाला अठरा वर्षे तोच होता. उशीर का होतो आहे हे पाहायला तो आत आला. त्याने वडिलांकडे पाहिले, खाली बसला आणि डाव्या बुटाची नाडी बांधली. मग बाहेर जाऊन त्याने घोडी सोडली. मी हे मधल्या दारातून पाहत होतो. त्याने नाडी का बांधली हे मी त्याला कधी विचारले नाही.

मी तेव्हा गावच्या शाळेत मास्तर होतो. घरात आई, वडील आणि मी, एवढेच. नदीकाठी आमचे भाताचे एक खाचर होते. दवाखाना सुरू केल्यानंतरच्या पहिल्या दहा वर्षांत पोटाला चिमटा घेऊन वडिलांनी ते घेतले होते. लढाईचे दिवस होते. रेशनच्या दुकानात काय हाती पडेल याचा नेम नसे, पण त्या खाचराचा तांदूळ आमच्या ताटात वर्षभर असे. वडिलांच्या मागे माझा पगार आणि ते खाचर, एवढ्यावरच आईचे आणि माझे चालायचे होते.

वडिलांना मोटार घ्यायची आहे, असे सगळा गाव समजत होता. जेवताना ते अधूनमधून म्हणत, "आता मोटार घेतलीच पाहिजे." आई म्हणे, "घ्या की." विषय तिथे संपे. पण जाण्याच्या महिनाभर आधी ते खरोखरच कर्जतला जाऊन एका कंत्राटदाराची मोटार पाहून आले. आत बसूनही आले. घरी आल्यावर म्हणाले, "गादी फार छान आहे." मी किंमत विचारली तेव्हा हसले आणि हात धुवायला मोरीकडे गेले. बाहेरून नव्या मोटारी येणे थांबले होते, त्यामुळे ज्याच्याकडे जुनी होती तो राजा झाला होता. कंत्राटदार ती मोटार नवी असतानाच्या दुपटीहून जास्त किमतीला देत होता, आणि पुढच्या महिन्यात याही भावाला मिळणार नाही असे प्रत्येक महिन्यात सांगत होता.

दहाव्याचे विधी पाताळगंगेच्या काठी झाले. मामा कर्जतहून आले होते. आईचा हा थोरला भाऊ. कर्जतला स्टेशनात नोकरी आणि घरात कोणाचेही कार्य असो, पुढारपण त्यांचे. पिंड मांडून आम्ही मागे सरलो. पलीकडच्या उंबरावर एकच कावळा बसला होता. तो पिंडाकडे पाहत होता, आमच्याकडे पाहत होता, आणि जागचा हलत नव्हता.

"इच्छा काही राहिलेली दिसते," भटजी म्हणाले. "बोला."

मी म्हणालो, "बाबा, आईला मी सांभाळीन."

कावळा बसून राहिला.

मामा पुढे झाले. "दवाखान्याची काळजी करू नका. औषधांची कपाटं कोणाला विकणार नाही."

कावळ्याने चोच फांदीवर घासली.

"विडी ठेवा एक," मागून कोणीतरी म्हणाले.

"अहो, ते विडी ओढत नव्हते!"

"म्हणूनच राहिली असेल इच्छा."

दोघेतिघे हसले आणि लगेच गप्प झाले. ऊन वाढत होते. मामा माझ्या कानाशी आले आणि हळू म्हणाले, "मोटार. अरे, मोटारीत जीव अडकलाय त्यांचा. बोल."

मी शिकलेला माणूस होतो. माझ्याकडे पुस्तकांची दोन कपाटे होती आणि कावळ्याला कावळ्यापलीकडे काही कळते असे मला वाटत नव्हते. पण दहा दिवसांत मी वडिलांशी एक वाक्यही बोललो नव्हतो, आणि त्या काठावर उभे राहून बोलायची मुभा होती. मी हात जोडले, डोळे मिटले आणि म्हणालो, "बाबा, मी मोटार घेईन." डोळे मी उघडले नाहीत. उघडले आणि कावळा तसाच बसलेला दिसला तर काय करायचे, हे मला ठाऊक नव्हते. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग आरडाओरडा झाला, "शिवला! शिवला!" मी पाहिले तेव्हा कावळा पिंडावर होता.

घरी आल्यावर आईने विचारले, "लवकर शिवला का?"

"थोडा वेळ लागला."

"काय बोललास मग?"

"मोटार घेईन म्हणालो."

तिने माझ्याकडे पाहिले आणि परातीतले तांदूळ पुन्हा निवडायला घेतले. तेराव्यानंतर एका दुपारी मी शाळेतून आलो तर आमची गाय पडवीत बांधलेली आणि गोठा झाडून, सारवून स्वच्छ केलेला. मोटार ठेवायला घरात दुसरी जागा नव्हती. ते पाहून मला वाटले, आईचीही हीच इच्छा आहे. आता माघार नाही.

मामांनी सांगितले होते, "वर्षश्राद्धाच्या आत पुरं कर. पितरांना कबूल केलेलं लांबवू नये." गावाला तर तेवढेही थांबवत नव्हते. शाळेत हेडमास्तर म्हणाले, "आता तुम्ही वर्गात येण्याआधी भोंगा वाजवणार, म्हणजे घंटेचा शिपाई मोकळा." खोपोलीच्या वाटेवर शिळफाट्याला चहा प्यायला थांबलो तर हॉटेलवाला दुसऱ्या गिऱ्हाइकाला सांगत होता, "हेच ते. कावळ्यानं मोटार घ्यायला लावलेले मास्तर." मी चहा अर्धा ठेवून उठलो.

माझ्या पगारात मोटारीचे एक चाकही आले नसते. विकण्यासारखे होते ते एक खाचर. खोपोलीच्या एका भातगिरणीवाल्याने ते घ्यायची तयारी दाखवली. तो खाचराच्या बांधावरून चालत गेला, वाकून मूठभर माती घेतली, चुरडून पाहिली आणि म्हणाला, "जमीन चांगली आहे, मास्तर. विकता कशाला?" मी त्याला खरे कारण सांगितले नाही. त्या रात्री जेवताना ताटातल्या भाताकडे माझे सारखे लक्ष जात होते. आई वाढत होती. मी पुरे म्हणालो तरी तिने आणखी एक मूद वाढली.

मोटारही मी पाहून आलो. कंत्राटदार सज्जन होता, बोलका होता. म्हणाला, "तुमच्या वडिलांनी पसंत केलेली आहे. चला, दहिवलीपर्यंत फिरवून आणतो." पण निघायला अर्धा तास लागला. पेट्रोल मोजके मिळायचे, म्हणून मोटारीच्या पाठीला पत्र्याचे उंच पिंप बसवले होते. त्यात लोणारी कोळसा पेटवायचा, पंखा फिरवत बसायचे आणि धुराचा गॅस झाला की मग मोटार चालायची. तो कोळसा आमच्याच भागातल्या रानात, वाड्यांवरची माणसे भट्ट्या लावून पाडत. ज्यांना वडील खोकल्याचे औषध देत, त्यांच्याच भट्ट्यांचा तो कोळसा. कंत्राटदाराचा ड्रायव्हर तोंडाला फडके बांधून पंखा फिरवत होता आणि खोकत होता.

पुलाजवळच्या चढावर मोटार थांबली.

"उतरा," ड्रायव्हर म्हणाला.

"काय झालं?"

"काही नाही. चढ आहे."

मी आणि कंत्राटदार उतरलो. मोटार रिकामी वर गेली आणि आम्ही मागून चालत गेलो. "डॉक्टर असते तर पेट्रोलची कुपनं चांगली मिळाली असती," कंत्राटदार धापा टाकत म्हणाला. "तुम्हाला मास्तर म्हणून सरकार काय देणार? खडू!" तो मनमोकळा हसला. मीही हसलो. परतताना मी वडील बसले होते त्या मागच्या जागेवर बसलो. गादी खरोखरच चांगली होती. पुढची काच स्वच्छ होती. मला मोटार चालवता येत नव्हती, ड्रायव्हर ठेवणे परवडणार नव्हते, आणि मला जायचे असे कुठे नव्हते. शाळा घरापासून पाच मिनिटांवर होती. पण मी शब्द दिला होता, आणि तो ज्यांना दिला ते आता "राहू दे" म्हणू शकत नव्हते. मोटारीच्या किमतीची कोणाशी घासाघीस करता आली असती. त्या शब्दाची कोणाशी करणार?

चैत्रात एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी विसार द्यायला कर्जतला निघालो. विसाराची रक्कम गिरणीवाल्याने खाचरापोटी दिली होती आणि ती माझ्या सदऱ्याच्या आतल्या खिशात होती. विसार दिला की माघार नाही, हे मला पक्के ठाऊक होते. खोपोली स्टेशनपर्यंत जायला मी टांगा सांगितला. तोच टांगा, तीच घोडी. वडील गेल्यापासून मी त्यात पहिल्यांदाच बसत होतो आणि कुठे बसावे ते मला सुचेना. मी पुढे, टांगेवाल्याच्या शेजारी बसलो.

गाव मागे पडेपर्यंत तो घोडी हाकत राहिला. मग म्हणाला, "मास्तर, मोटार घेताय म्हनं."

"हो."

"घ्या." घोडीच्या पाठीवरची माशी त्याने चाबकाच्या टोकाने उडवली. "पन कशापायी?"

"बाबांची इच्छा होती. मी दहाव्याला कबूल केलं. तुम्ही होतात ना तिथे?"

"व्हतो की. आंब्याखाली, हिच्यापाशी." त्याने घोडीकडे मान हलवली. "पन कावळा तुमच्या बोलन्यावर कुटं शिवला?"

मी त्याच्याकडे पाहिले. तो रस्त्याकडे पाहत होता.

"तुमी डोळं मिटलं व्हतं," तो म्हणाला. "तुमी म्हनला मोटार घेईन, आनि कावळा जो उठला तो नदीपल्याड. पार त्या शेवरीवर जाऊन बसला. मामांनी कपाळाला हात लावला. भटजीनं कावळा कराया दर्भ हातात घेतला. तुमी आपले डोळं मिटून उभं."

"मग?"

"मग काय. मग मी बोललो. मनात."

"काय बोललात?"

"ते तुमाला कशाला?"

"सांगा."

त्याने लगाम एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "घोडीला गिऱ्हाईक आलतं. दाक्तर नाय, आता हिला पोसू कशी, असं मला वाटाया लागलं व्हतं. मी बोललो, दाक्तर, घोडी इकनार नाय, आनि गुरुवार चुकनार नाय. तसा आला की फडफडत!"

"गुरुवार म्हणजे?"

"वाड्यांवरचा गुरुवार. जातो मी. तुमी साळंत गेलात की तुमच्या आई बाटल्या भरून देतात. कुनाला कंची, चिठ्ठीवर लिवून देतात. मला वाचाया येत नाय, पन बाटलीच्या दोऱ्यावरनं वळखतो. तापाला तांबडा, खोकल्याला काळा."

गुरुवारी शाळेच्या खिडकीतून रिकामा टांगा कुंभिवलीकडे जाताना मी पाहिला होता. भाडे शोधायला जात असेल, असे मला वाटले होते. इतकी वर्षे वडिलांच्या शेजारी राहून कोणत्या तापाला काय द्यायचे हे आईला ठाऊक होते आणि मला ते ठाऊक नव्हते.

"पण त्यांना मोटार हवी होती," मी म्हणालो. "ते नेहमी म्हणायचे. आत बसून आले होते."

टांगेवाला हसला. वडील गेल्यापासून मी त्याला हसताना पाहिले नव्हते. "ते हिला ऐकवाया! वाडीच्या चढाला ही थांबायची. पाय रोवून. मग दाक्तर वरडायचं, आता मोटारच घेतो बघ! की चालली. दर गुरुवारी. मी म्हनायचो, घ्या दाक्तर, पन मोटार लीद टाकनार नाय, मंग आजाऱ्याच्या परसात खत कोन टाकील?"

"आणि कर्जतची?"

"तिथनं आलं तवा मीच इचारलं, काय, झाली का पसंत? म्हनलं, 'गादी बेस्ट आहे रे. पण पुढं बघावं तर नुसती काच. घोडीचं ढुंगण दिसत नाही. करमायचं कसं?'"

मी पुढे पाहिले. शिळफाट्याकडचा रस्ता होता आणि त्याच्या अलीकडे घोडीची रुंद पाठ आणि हलती शेपटी. अठरा वर्षे दर गुरुवारी वडिलांनी हेच पाहिले होते. मी हसायला लागलो. टांगेवाल्याने चमकून माझ्याकडे पाहिले आणि मग तोही पुन्हा हसला. शिळफाट्याच्या हॉटेलवाल्याने आम्हा दोघांना तसे हसत जाताना पाहिले.

खोपोलीला उतरल्यावर मी भाडे देऊ लागलो. त्याने हात मागे घेतला. "गुरुवारी या एकदा," म्हणाला. "वाडीवर इचारतात, दाक्तरचा पोरगा कसा हाय."

कर्जतच्या गाडीत डब्यात दोनच माणसे होती आणि ती झोपली होती. तिथे मी वडिलांसाठी पहिल्यांदा रडलो. पळसदरी येईपर्यंत रडत होतो. सदऱ्याच्या आतल्या खिशावर हात तसाच होता.

कंत्राटदाराकडे जाण्याआधी मी मामांकडे गेलो. ते अंगणात दाढी करत होते. मी विचारले, "दहाव्याला मी मोटार म्हणालो, तेव्हा कावळा लगेच शिवला होता का?"

"कुठला लगेच!" गालाला साबण तसाच ठेवून ते म्हणाले. "तू म्हणालास आणि गेला की पलीकडे उडून. माझी पाचावर धारण बसली. म्हटलं, आता दर्भाचाच कावळा करावा लागतो. चांगला वेळ गेला, मग आला. का रे?"

"तुम्ही मला सांगितलं का नाहीत?"

"सांगायचं काय त्यात? आला ना शेवटी?"

मग मी त्यांना टांगेवाल्याचे सांगितले. मामांनी वस्तरा वाटीत ठेवला. "म्हणजे तू कबूल केलंस आणि त्यांनी नको म्हटलं," ते म्हणाले. "डोळे उघडे ठेवले असतेस तर..." आणि मग एकदम, "बरं झालं रे. त्या खाचरासाठी मला झोप नव्हती. मीच तुला बोलायला लावलं होतं."

ज्या गोष्टीवर माझा विश्वास नव्हता तिने मला तीन महिने बांधून ठेवले होते, आणि तिनेच सोडले. मी त्यावर वाद घातला नाही.

कंत्राटदार पायरीवरच भेटला. मी म्हणालो, "मला मोटार घ्यायची नाही."

"भाव जास्त वाटतो का? पण पुढच्या महिन्यात—"

"भावाचं नाही."

"डॉक्टरांनी पसंत केली होती."

"पसंत केली होती," मी म्हणालो. "घ्यायची नव्हती."

त्याला ते कळले की नाही, ठाऊक नाही. त्याने मला पन्हे दिले. मी ते सगळे प्यालो.

घरी पोहोचलो तेव्हा उन्हे कलली होती. आई पडवीत गाईला कडबा टाकत होती. मी तिला सांगितले की मोटार घेतली नाही आणि खाचर विकणार नाही. गिरणीवाल्याचे पैसे उद्या परत करतो. ती वाकलेली होती तशीच राहिली. मग पडवीच्या खांबाला टेकून खाली बसली.

"मला वाटत होतं, तुलाच हौस आहे," ती म्हणाली. "बापाच्या नावाने हौस करतोयस, तर करू दे म्हटलं."

"मला वाटलं, तुला हवी आहे. गोठा तूच सारवलास."

"मग मोटार कुठे ठेवणार होतास? चुलीपाशी?" ती हसली, पदराने तोंड पुसले आणि उठली. "धर तिचं दावं. इतके महिने पडवीत माझ्या पायात घोटाळतेय."

आम्ही दोघांनी गाय पुन्हा गोठ्यात नेऊन बांधली. आत गेल्यावर गाय लगेच बसली. मग मी आईला विचारले, "बाटल्यांना दोरे बांधतेस, हे मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं नाहीस," आई म्हणाली. "तू पुस्तक घेऊन बसायचास. मला वाटलं, बसू दे."

पुढच्या सुट्टीतल्या गुरुवारी मी टांग्यातून वाड्यांवर गेलो. चढाला घोडी थांबली. टांगेवाला माझ्याकडे पाहत राहिला. मी ओरडलो, "आता मोटारच घेतो बघ!" घोडीने कान मागे केले आणि ती चालू लागली.

दवाखान्यातली औषधे संपेपर्यंत आईने बाटल्या भरल्या. त्यानंतर खोपोलीहून दुसरे डॉक्टर वाड्यांवर जाऊ लागले, त्याच टांग्यातून. घोडी गेली, मग टांगेवाला गेला, आणि गेल्या वर्षी आई गेली. तिच्या दहाव्याला मी डोळे उघडे ठेवले. कावळा लगेच शिवला.

मी मोटार कधी घेतली नाही. खाचर आमच्याकडेच आहे. टांग्याचा एक दिवा टांगेवाल्याच्या मुलाने मला आणून दिला. तो दवाखान्याच्या खोलीत, वडिलांच्या खुर्चीशेजारी ठेवला आहे.